वत्सलाची उजळणी

८ जानेवारी २००२

सकाळी दारात एक मुलगी उभी. "सर, ओळखलंत का?" ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर लक्षात आलं, जहिदा. माझ्या क्लासला होती, दहावीला गणितात काठावर पास झालेली. आता एका धर्मादाय रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात काम करते. नाशिक रोडच्या काही कॉलन्या आणि गोदाकाठची काही गावं त्यांनी निवडली आहेत. पंचावन्नच्या पुढच्या प्रत्येकाला प्रश्न विचारायचे आणि विसरण्याचा आजार कुणाला सुरू होतोय का ते पाहायचं. आपल्याकडे हा आजार किती जणांना आहे हे कुणी नीट मोजलेलंच नाही म्हणे. घरचे लोक वय झालं म्हणतात आणि सोडून देतात.

मला काम आवडलं. मोजल्याशिवाय काही कळत नाही, हे मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो.

माझी चाचणी आधी झाली. एक गुण गेला असावा, आकृती काढताना. मग वत्सला बसली. जहिदाने मला बाहेर थांबायला सांगितलं. मी ओट्यावर बसलो, पण खिडकी उघडी होती.

आज वार कोणता विचारलं तर म्हणाली गुरुवार. आज मंगळवार. महिना मार्गशीर्ष म्हणाली, तो जहिदाने धरला. दोरी, चमचा, बैल असे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. थोड्या वेळाने ते विचारले तर वत्सला म्हणते, "कोणते शब्द? तू दिलेच नाहीस गं." आठवड्याचे वार उलटे म्हणताना बुधवारनंतर थांबली ती थांबलीच. मी ओट्यावर बसून गुण मांडत होतो. नापास, आणि थोडक्यात नव्हे.

जाताना जहिदा म्हणाली, "सर, काकूंना रुग्णालयात आणा. रक्त तपासतात, डोक्याचा फोटो काढतात. काही कारणं औषधाने बरी होण्यासारखी असतात. लवकर कळलं तर."

मी म्हटलं, ती घाबरली होती. परत घे चाचणी. जहिदा जरा घुटमळली. म्हणाली, ज्यांना येणं जमत नाही त्यांच्या घरी मार्चमध्ये डॉक्टर येऊन तपासतात. मी म्हटलं, मग मार्चमध्येच या.

११ जानेवारी

तीन दिवस डोक्यात तेच आहे. वत्सला सायखेड्याच्या शाळेत पहिल्या तिनांत असायची. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी हेच आधी सांगितलं होतं. दिवाळीपासून तिचं लक्ष नाही, हे खरं. दूध उतू जातं, पुण्याच्या मुलीला, सरिताला, फोनवर तेच तेच विचारते. पण त्याला आजार म्हणायचं तर माझ्या क्लासमधली निम्मी मुलं आजारी होती. त्यांना मीच मार्गावर आणलं.

मार्चला वेळ आहे. प्रश्न मला पाठ आहेत.

२० जानेवारी

उजळणी सुरू केली. सकाळी चहानंतर आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी. वार, तारीख, महिना, साल, गाव, जिल्हा. मग तीन शब्द. मग वार उलटे.

ती हसत होती. "या वयात मला कशाला शिकवताय?" म्हणाली. मी म्हटलं, परीक्षा आहे. तेव्हा हसायची थांबली.

२ फेब्रुवारी

प्रगती हळू. मी बैल म्हटलं की ती गाय म्हणते. संध्याकाळी शिकवणीच्या वेळी न्हाणीघरात जाऊन बसली. दार वाजवलं तर आतून म्हणते, पायांत मुंग्या येतात, उभं राहवत नाही. अभ्यास टाळायची कारणं मी पुष्कळ ऐकली आहेत. पोटात दुखणं हे सगळ्यांत जुनं, त्यात आता मुंग्या.

जेवायला बसल्यावर म्हणाली, भाजी जिभेला झोंबते. स्वतःच केलेली. मी खाल्ली, मला काही तिखट लागली नाही. ती ताकभातच खाऊन उठली. हल्ली बहुतेक तेच खाते, आणि उपास असला तर तेही नाही.

९ फेब्रुवारी

आज पट्टी वापरली. हलकेच, बोटांवर. क्लासमध्ये सगळ्यांना बसायची, कुणी मनावर घेतलं नाही. नंतर वार उलटे बरोबर म्हणाली, एकही चूक नाही.

मला समाधान वाटायला हवं होतं. रात्रीचं जेवण गेलं नाही.

२३ फेब्रुवारी

काल तिला सायखेड्याला भावाकडे पाठवलं. चार दिवस बदल होईल, ताजी होऊन येईल असं वाटलं. एसटीत बसवून दिलं, खिडकीची जागा मिळवून दिली. संध्याकाळी पुंजाचा फोन, अक्का आली नाय. मग रात्री त्यालाच कुठूनतरी निरोप मिळाला, ती निफाडच्या स्टँडवर बसून होती. पुंजाने तिला तिथून उचललं आणि आज सरळ इकडेच घेऊन आला.

पुंजा चहाला थांबला. "दाजी, कंडक्टरनं चांदोरीला, आपल्या फाट्याला, हाक मारली व्हती, म्हनं. ही उतरलीच नाय. निफाडला मी इचारलं, अक्का, हितं काय करती? तर मला म्हन्ली, शाळा सुटायची वाट बघती."

"उन्हाने होतं असं," मी म्हटलं.

"ऊन नव्हतं दाजी. आन् ती चालतानी भितीला धरून चालती. कुनाला तरी दावा."

मी म्हटलं, मार्चमध्ये डॉक्टर घरी येणार आहेत. त्याला बरं वाटलं. वत्सला आतल्या खोलीत होती. जाताना पुंजाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान पोरीसारखा. तो तिच्यापेक्षा धाकटा आहे.

१० मार्च

आज तिने सगळं बरोबर सांगितलं. दोनदा. मी शाबासकी दिली तर विचारते, "आता झालं ना?" मी म्हटलं, आठ दिवसांनी झालं.

१८ मार्च

पास.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे असावेत. त्यांनी आधीची चाचणी वाचली आणि म्हणाले, घाबरू नका मावशी. वत्सला माझ्याकडे बघत होती. या वेळी मी खोलीतच बसलो, कुणी जा म्हटलं नाही. जहिदाने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"आज वार..." एवढं डॉक्टरांनी म्हणायचा अवकाश, वत्सलाने सोमवार, मार्च, दोन हजार दोन, नाशिक रोड, जिल्हा नाशिक असं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी तीन शब्द उच्चारायच्या आधीच ती म्हणाली, दोरी चमचा बैल. डॉक्टर हसले. म्हणाले, मागच्या वेळचे शब्द अजून आठवतात, म्हणजे स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे.

मग जहिदा मध्येच म्हणाली, "काकू, आज सकाळी काय खाल्लंत?"

वत्सलाचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. माझ्याकडे पाहिलं. हे आमच्या अभ्यासात नव्हतं. मी म्हटलं, उपमा. ती म्हणाली, उपमा.

डॉक्टरांना अजून बरीच घरं करायची होती. सही करून ते पुढे गेले. जहिदा मागे रेंगाळली, चपला घालत. "सर, निकाल चांगला आहे. तरी रक्त तेवढं तपासून घ्या. एकदाच."

"पास झालेल्याला परत बसवतात का?" मी म्हटलं. ती डॉक्टरांच्या मागे गेली.

संध्याकाळी पेढे आणले. वत्सलाला पहिला दिला. तिने तो हातात धरून ठेवला, विरघळेपर्यंत.

१९ मार्च

सरिताला पुण्याला फोन केला. आईची तपासणी झाली, मेंदूच्या डॉक्टरांनी केली, सगळं नॉर्मल आहे. ती फोनवर रडायला लागली, म्हणाली, अण्णा, मला किती काळजी वाटत होती. पुंजालाही निरोप दिला.

शिकवणी बंद केली. आज दिवाबत्तीच्या वेळी वत्सला स्वतःहून टेबलाशी येऊन बसली, हात मांडीखाली घेऊन. मी म्हटलं, जा, आता नाही. ती तरी बसून राहिली.

६ नोव्हेंबर २००२

सरिता दिवाळीला आली आहे. आईला पाहून तिचा चेहरा उतरला. वत्सला फार वाळली, रंग पिवळट झाला आहे. रोज बघणाऱ्याला कळत नाही.

"अण्णा, आई मला कुणाची मुलगी म्हणून विचारते."

"चेष्टा करते तुझी."

"नाही करत. आणि पाय बघितलेत तिचे? डोळे मिटून उभी राहिली तर पडते."

मी तिला सांगितलं की मोठ्या रुग्णालयाने सबंध कॉलनी तपासली, त्यात हिला आजार नाही असं ठरलं आहे. मी सांगताना माझा मलाच विश्वास बसत होता. बऱ्याच महिन्यांपासून मी स्वतःला हेच सांगतो आहे. डॉक्टरांनी पाहिलं आहे. डॉक्टरांना काही दिसलं नाही.

सरिता म्हणाली, बरं. ती माझी मुलगी आहे, माझ्यापुढे बोलायची तिला सवय नाही.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला भीती वाटते. आता तिला घेऊन गेलो तर ते पहिल्यापासून सगळं विचारतील.

१४ ऑगस्ट २००३

वत्सलाला आज रुग्णालयात न्यायचं ठरवलं होतं. मनाची तयारी करायला पूर्ण उन्हाळा गेला. पण सिंहस्थामुळे रस्ते बंद, रिक्षा मिळेना, कुठून कुठे वळवतात काही कळत नाही. पर्वण्या होऊन जाऊ देत.

खरं लिहायचं तर रिक्षा मिळाली असती. मी एकालाच विचारलं.

आता ती कपड्यांतच करते. वत्सलाबाई म्हणून कॉलनीत जिला सगळे मान देतात, हळदीकुंकवाला जिला आधी बोलावतात, ती. मी धुतो. कुणाला कळू नये म्हणून कपडे मागच्या बाजूला वाळत घालतो.

३ डिसेंबर २००३

परवा न्हाणीघरात पडली. कपाळाला टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, जीभ पाहिली आणि मला विचारलं, यांना कधीपासून असं आहे? जीभ लालभडक आणि गुळगुळीत होती. तिखट झोंबत होतं ते खरं होतं.

त्यांनीच त्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. रक्त दिलं, डोक्याचा फोटो काढला.

९ डिसेंबर

हे नीट लिहून ठेवतो.

रक्तात बी-बारा नावाचं जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. ते नसलं की पायांत मुंग्या येतात, तोल जातो, जीभ सोलवटते, माणूस विसरतो. ताकभात आणि उपास यांवर जगणाऱ्या बायकांत हे बरंच आढळतं, डॉक्टर म्हणाले. कधीकधी शरीर ते शोषूनच घेत नाही. उपाय म्हणजे सुया. साध्या, कुठेही मिळणाऱ्या.

मी म्हटलं, मग बरी होईल.

त्यांनी फोटो उजेडात धरला. मेंदू आक्रसलेला आहे म्हणाले, कडेने रिकामी जागा दाखवली. "दुसराही आजार असू शकतो, तो औषधाने थांबत नाही. किती या जीवनसत्त्वामुळे आणि किती त्या आजारामुळे, हे आता वेगळं काढता येत नाही. सुया देऊ. पण उशीर झाला की मज्जातंतू पुरते सुधारत नाहीत."

"आधी आणली असती तर?"

"दोन वर्षांपूर्वी आली असती तर फरक पडला असता. कदाचित बराच. सांगता येत नाही." मग त्यांनी कागद चाळले. "आमच्या सर्वेक्षणात या होत्या. मार्चमध्ये घरी जाऊन तपासलं होतं. तेव्हा तर नॉर्मल होत्या."

ते माझ्याकडे बघत थांबले. मी फोटोकडे बघत राहिलो. वत्सला शेजारी चाकाच्या खुर्चीत होती. डॉक्टरांचा आवाज चढा लागल्यामुळे असेल, ती पुटपुटायला लागली. सोमवार, मार्च, दोन हजार दोन. डॉक्टर म्हणाले, काय म्हणताय मावशी? मी म्हटलं, काही नाही, तिला घरी जायचं आहे.

१२ डिसेंबर

सरिताला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मी येते आईला बघायला. तुम्ही त्या वेळी बाहेर जा, अण्णा."

७ जानेवारी २००४

आज रुग्णालयात जाऊन जहिदाला भेटलो. जिन्याखाली छोटी खोली आहे, तिथे सर्वेक्षणाच्या चार मुली बसतात. मला बघून ती उभी राहिली, अजूनही.

मी म्हटलं, वत्सलाचा मार्चचा निकाल खोटा होता. प्रश्न मी खिडकीतून ऐकले आणि पाठ करून घेतले. तुमच्या आकड्यांत ती निरोगी म्हणून धरली आहे, ते दुरुस्त करा.

"अहवाल गेला सर. मागच्या वर्षीच."

"मग त्यांना कळवा."

"कळवीन." मग म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिने दार लोटून घेतलं. "सर, मी तुमच्या क्लासला होते. गणित मला कधीच आलं नाही. उदाहरणं पाठ करून पास झाले मी, उत्तरं आकड्यांसकट. काकूंचा आवाज ऐकला आणि ओळखला. तसाच आवाज होता तो, चुकलं तर काय होईल म्हणून घाईघाईने सांगायचा. डॉक्टरांसमोर मी बोलले असते. तुमच्यासमोर नाही बोलता आलं."

मी बसलो होतो ती खुर्ची डुगडुगत होती. तिने पाणी दिलं.

"माझीही चूक आहे सर. मला पगार त्याचाच मिळतो."

मी तिला म्हणायला हवं होतं की तुझी चूक नाही. पाणी पिऊन उठलो. येताना बिटको चौकापर्यंत चालत आलो. त्या अहवालात आमच्या कॉलनीचा आकडा एकाने कमी आहे.

२९ फेब्रुवारी

सुयांनी पाय थोडे सुधारले. मला धरून ती दारापर्यंत येते. जीभही बरी झाली, रंग परतला. लोक म्हणतात, वत्सलाबाई आता छान दिसतात. डोकं तिथेच आहे. डॉक्टर म्हणाले, आता जे आहे ते राहील किंवा कमी होईल.

पहिले दोन महिने मी रोज वाट पाहिली. सकाळी ती डोळे उघडायची तेव्हा मी श्वास धरून बसायचो. आता बसत नाही.

मी खोलीत शिरलो की ती आधी हात मांडीखाली घेते. सरिता आली की घेत नाही. पुंजा आला की घेत नाही. तो तिच्याशी सायखेड्याच्या नदीबद्दल बोलतो, ती हसते. तो गेल्यावर मी नदीबद्दल बोलून पाहिलं. ती वार सांगायला लागली.

१७ एप्रिल

दुपारी मी तिला जेवायला वाढलं. वरणभात, भेंडीची भाजी, फार तिखट नाही. डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज दूधही देतो. हल्ली मी स्वतःच करतो सगळं. दाढी बरेच दिवस केली नव्हती, आणि ऊन लागू नये म्हणून खिडकीला पडदा ओढला होता, अंधारलेलं होतं. त्यामुळे असेल. ती माझ्याकडे नवख्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. पण हात मांडीवर मोकळे होते.

"तुम्ही सायखेड्याचे का?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"बसा. पण लवकर निघा. आमचे हे येतील."

"आले तर काय झालं?"

ती पुढे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "ते विचारतात."

"काय विचारतात?"

"सगळं. मला येत नाही." मग माझी दया आल्यासारखं बघून म्हणाली, "तुम्हालाही विचारतील. जा तुम्ही."

चाळीस वर्षांत तिने माझ्याबद्दल कुणाकडे तक्रार केल्याचं मला माहीत नाही. आज केली, ती माझ्याचकडे. मी ताटाची कड धरून बसलो होतो.

"ते गावाला गेलेत," मी म्हटलं.

"कधी येणार?"

"नाही येणार आता."

तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नक्की?"

"नक्की."

तिने ताट स्वतःकडे ओढलं आणि जेवायला लागली. भात संपल्यावर अजून मागितला. मी वाढला.